प्रवरेच्या दरडीतला पाऊस

नेवाशाजवळ प्रवरेने आपल्याच गाळात खोल पात्र कापले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्या दरडीसमोर उभे राहिले, की थर मोजता येतात. तळाशी काळा कातळ. त्यावर गोल गोट्यांचा थर, चुन्याने इतका घट्ट सांधलेला की कुदळ मारली तरी ढपला निघत नाही. त्याच्या वर कित्येक मीटर पिवळसर तपकिरी गाळ, आणि त्या गाळात बोराएवढे, आवळ्याएवढे पांढुरके खडे. एखादा खडा नखाने खरवडला तर पांढरी भुकटी सुटते. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला तर फेस येतो. ही चुनखडी आहे. ती निमकोरड्या प्रदेशात तयार होते. पाऊस बेताचाच पडतो, पाण्याबरोबर चुना मातीत उतरतो, पण वाहून जाण्याइतके पाणी मुरत नाही. उन्हाने ओल उडाली की चुना तिथेच गोठतो. सगळ्यात वर काळी माती, आणि तिच्यावर आज बहुधा ऊस उभा असतो.

एवढ्या एका दरडीत लाखभर वर्षांहून अधिक काळाचे हवामान साठलेले आहे. ते वाचायला मात्र शिकावे लागले, आणि शिकताना मोठमोठ्या अभ्यासकांनाही आपले वाचन बदलावे लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया 1954 मध्ये नेवाशाला उत्खननासाठी आले. नदीच्या गोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. मध्य पुराश्मयुगातल्या हत्यारांच्या एका परंपरेला पुढे नेवाशाचेच नाव मिळाले. नंतर 1966 ते 1969 या काळात गुडरून कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर काम केले आणि त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी व फरश्या उजेडात आणल्या.

त्या काळी थरांचा अर्थ सोपा वाटत असे. गोटे म्हणजे जोराचा प्रवाह, म्हणजे भरपूर पाऊस. बारीक गाळ म्हणजे मंद प्रवाह, म्हणजे कोरडा काळ. शरद राजगुरू आणि इतर भूशास्त्रज्ञांनी पुढे दख्खनच्या नद्यांचा अभ्यास केला तेव्हा चित्र इतके सरळ राहिले नाही. पाऊस कमी झाला की डोंगरउतारावरचे गवत-झाडोरा विरळ होतो, माती सुटते, आणि ती वाहून न्यायला नदीत बळ नसते. म्हणून नदी गाळ साठवत जाते. पाऊस वाढला की उतार झाकले जातात, नदीत पाणी आणि बळ येते, आणि ती आपलाच गाळ कापत खाली उतरते. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि आपला मोसमी पाऊस दुबळा होता. त्यानंतर साधारण 10 हजार वर्षांपूर्वीपासून तो जोमाने परतला. प्रवरेची ती खोल घळ म्हणजे परतलेल्या पावसाची खूण आहे.

हिमयुग आले, गेले, पाऊस आटला, परतला. या सगळ्यात माणसाच्या धुराड्यांचा काही संबंध नव्हता. हवामान तर नेहमीच बदलत आले आहे, मग आताच एवढा गवगवा कशाला, असे पारावर, चहाच्या टपरीवर आणि कधीकधी विधिमंडळातही म्हटले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी नेवाशाइतके योग्य गाव मला दुसरे दिसत नाही. कारण 'पाऊस बदलला म्हणून माणसे उठून गेली' या विधानाची उलटतपासणी विज्ञानात झाली, आणि तिच्या पुराव्यात नेवाशाची हाडे होती.

नेवाशाच्या लाडमोड टेकडाखाली सांकलियांना ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी अशी संस्कृती आधी ओळखली गेली होती, म्हणून तिला जोर्वे संस्कृती म्हणतात. साधारण इसवी सनपूर्व 1400 ते 1000 हा तिचा भरभराटीचा काळ. तांबूस भांड्यांवर काळी नक्षी, तोटीचे चंबू, गारगोटीची पाती, थोडे तांबे. मूल दगावले की त्याला दोन करड्या रांजणांत ठेवत, रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. नेवाशाच्या एका बालदफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते, कारण गंजणाऱ्या तांब्याने त्यांना कुजू दिले नाही. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सूत कातून त्या लेकराच्या गळ्यात घातले होते. आकड्यांच्या चर्चेत पुढे जाताना ही माळ मनात ठेवावी असे मला वाटते.

इसवी सनपूर्व 1000 च्या सुमाराला गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या अशा बहुतेक वस्त्या ओस पडल्या. नेवाशाच्या टेकडावर त्यानंतर काही शतके कोणी राहिले नाही. सातवाहन काळात ते पुन्हा गजबजले, इतके की रोमन मद्यकुंभांची खापरेही तिथे मिळतात. दक्षिणेला भीमा खोऱ्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात मात्र लोक आणखी सुमारे 300 वर्षे टिकून राहिले. त्यांची ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गहू मागे पडला, शिकार वाढली. असे का झाले? इनामगावच्या उत्खननाचे एक प्रमुख अभ्यासक मधुकर केशव ढवळीकर यांचे उत्तर होते: पाऊस कमी झाला, हवा कोरडी पडली, शेती परवडेना, माणसे अर्धभटकी झाली. या उत्तराला ताकद होती. ते पुस्तकांत गेले आणि बराच काळ तेच मान्य होते.

पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी जैवपुरातत्त्वज्ञ आल्या. त्यांनी नेवासे, त्याच संस्कृतीचे दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांचे सांगाडे अभ्यासले. दातांवरून मुलाचे वय कळते आणि हाडांच्या लांबी-जाडीवरून त्या वयाला वाढ पुरेशी झाली होती की नाही ते कळते. इनामगावच्या शेवटच्या काळातल्या मुलांत वाढ खुंटल्याच्या खुणा जास्त निघाल्या. हाल झाले होते, यात शंकाच उरली नाही. पण कारण? अरबी समुद्राच्या तळातला गाळ आणि इतर नव्या नोंदी त्यांनी समोर ठेवल्या. त्यांवरून असे दिसले की हा मुलूख जोर्वे लोक यायच्या आधीपासूनच निमकोरडा होता. नेमक्या त्यांच्या ऱ्हासाच्या वेळी पावसाने मोठी कलाटणी घेतल्याचा भक्कम पुरावा नाही. मर्यादित पावसाच्या जमिनीवर वाढत्या लोकसंख्येने शेती कशी केली, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. त्यांचे पुस्तक 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. ढवळीकरांच्या बाजूचे युक्तिवाद अजून संपलेले नाहीत आणि नवी नोंद मिळाली तर पारडे पुन्हा फिरू शकते.

या वादातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की दोन्ही बाजूंनी 'हवामान नेहमीच बदलते' एवढे म्हणून विषय संपवला नाही. कोणत्या शतकात बदलले, किती बदलले, कशामुळे बदलले, आणि त्या बदलाचा मुलांच्या हाडांशी संबंध कसा लागतो, हे प्रत्येकाला दाखवावे लागले. आजच्या तापमानवाढीलाही हीच कसोटी लावायची. लावून पाहू.

जुन्या बदलांची कारणे आता बरीच माहीत आहेत. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रात किंचित बदलतो, त्यामुळे उन्हाळ्यात उत्तर गोलार्धाला मिळणारे ऊन कमीजास्त होते. दहा हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस जोमात आला तो यामुळे, आणि नंतर हळूहळू दुबळा होत गेला तोही यामुळेच. या चक्राला सहस्रके लागतात. आजची वाढ दीडशे वर्षांतली आहे. सूर्य तापला म्हणावे, तर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत आणि तिच्यात वाढीचा कल नाही. शिवाय सूर्यामुळे तापमान वाढले असते तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबर थंड होतो आहे. उष्णता खाली अडकते आहे, असा याचा अर्थ. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वी दहा लाख भागांत सुमारे 280 भाग होता, आता तो 420 च्या वर आहे. हा वाढीव कार्बन कुठून आला हेही कळते. कोळसा आणि खनिज तेल ही प्राचीन वनस्पतींपासून झाली आहेत. त्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, आणि हवेतले प्रमाण त्याच दिशेने सरकते आहे. खुनाच्या जागी बोटांचे ठसे मिळावेत तसा हा पुरावा आहे. माणसाने इंधन जाळल्यामुळे पृथ्वी तापते आहे का, हा वाद माझ्या मते संपला आहे. तो अजून चालू आहे असे दाखवणारे वाचकाचा वेळ घालवतात.

दुसऱ्या बाजूनेही चुका झाल्या आहेत. आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या 2007 च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतात असे विधान शिरले होते. त्याला आधार नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी 2009 मध्ये वेगळे चित्र मांडले तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. जानेवारी 2010 मध्ये समितीला चूक कबूल करावी लागली. हिमनद्या वितळत आहेत हे खरे, पण तारीख खोटी होती. एका खोट्या तारखेमुळे अनेक खऱ्या गोष्टींवरचा लोकांचा विश्वास उडाला, हे नुकसान मोठे आहे.

आता नेवाशाच्या आभाळाकडे वळू. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. हवा वर ढकलली जाते, वर गेल्यावर प्रसरण पावून थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि घाटघर, रतनवाडीला पाऊस अक्षरशः कोसळतो. वर्षाला काही हजार मिलिमीटर. माथा ओलांडून तीच हवा पूर्वेकडे खाली उतरते, दाबली जाऊन तापते आणि तिच्यातले ढग विरतात. रतनगडापासून नेवासे सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. इथे वर्षाला साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा सप्टेंबरात, बंगालच्या उपसागरावरून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. म्हणून इथली जुनी शेती मृगापेक्षा उत्तरा-हस्तावर उभी होती: हत्तीचा पाऊस काळ्या जमिनीत मुरवायचा आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची.

म्हणजे नेवाशाला दोन आभाळांचे पाणी मिळते. एक डोक्यावरचे, दुसरे अकोल्याचे. दुसरे पाणी भंडारदऱ्याच्या आणि मुळा धरणाच्या कालव्यांतून येते. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याचा चेहरा बदलला. पुढे मुळेचे पाणी आले, साखर कारखाने आले, भेंडे आणि सोनईच्या परिसरात उसाचे फड उभे राहिले. तालुक्याची समृद्धी या दुसऱ्या आभाळावर उभी आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालातली माहिती इथे बारकाईने वाचायला हवी. 1951 ते 2015 या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळक दिसते ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. त्याच काळात मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त पावसाच्या घटना सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. एकंदर पाऊस कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्येच हा कल दाखवला होता. कारण समजायला अवघड नाही: हवा एक अंश तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. साठा वाढतो, तसा तो एकदम रिता होण्याची शक्यताही वाढते.

म्हातारी माणसे म्हणतात, मृग आता बरसत नाही. यावर एक शंका काढली जाते ती खरी आहे: नक्षत्रे ताऱ्यांवर मोजली जातात, ऋतू सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनावर ठरतात, आणि या दोन्हींत साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा सूर्य मृगात शिरत असे तो ऋतुमानाने आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी. पण एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जेमतेम एक दिवसाचा, म्हणून आजोबांच्या तक्रारीचे हे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये नव्या नोंदी धरून मोसमी पावसाच्या आगमन-परतीच्या सरासरी तारखा बदलल्या. केरळातली 1 जून कायम राहिली, पण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आगमन काही दिवसांनी पुढे गेले. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. शेतकऱ्याचे निरीक्षण आणि वेधशाळेची वही इथे जुळते.

खरा खुला वाद पुढच्या काळाचा आहे. तापणाऱ्या जगात भारताचा मोसमी पाऊस वाढेल असे बहुतेक प्रारूपे सांगतात, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो घटलेला दिसतो. हा विरोध कसा सोडवायचा? एक मत असे की धूर आणि धुळीच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवले, जमीन पुरेशी तापली नाही आणि वारे मंदावले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या जलद तापण्याकडे बोट दाखवले: समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक कमी झाला की मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरतो. बहुधा दोन्हींचा वाटा आहे. कोणाचा किती, यावर प्रामाणिक मतभेद आहेत.

त्यात नेवाशापुरती आणखी एक अडचण आहे. जागतिक हवामान-प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि एक चौकोन बरेचदा शंभर ते दोनशे किलोमीटरचा असतो. अशा चौकोनात रतनवाडी आणि नेवासे एकाच घरात पडू शकतात, आणि दोन्हींच्या पावसाची सरासरी निघते. ती सरासरी दोन्हींपैकी कोणत्याच गावी पडत नाही. म्हणून 2050 मध्ये नेवाशाला अमुक मिलिमीटर पाऊस पडेल असा आकडा कोणी छातीठोकपणे दिला तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्याच वेळी, पंधरा दिवसांनंतरचा पाऊस सांगता येत नाही तर 2050 चे तापमान काय सांगणार, हा आक्षेपही खोडून काढा. 12 जुलैला पाऊस येईल का, हे मेमध्ये कोणी सांगू शकत नाही. जानेवारीपेक्षा जुलै ओला असेल हे मात्र कोणीही सांगेल, कारण ते सूर्य कुठे आहे यावर ठरते. हवेतला कार्बन हा तसाच वरून येणारा दाब आहे.

आणि पाऊस हा गोष्टीचा अर्धाच भाग. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या लवणस्तंभांनी चौदाव्या शतकातले दुबळे मोसमी पाऊस नोंदवून ठेवले आहेत. 1396 मध्ये सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी त्या नोंदी जुळतात. 1876 ते 1878 च्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातला जबरदस्त एल निनो होता, हे आज कळते. पण त्या वर्षांत दख्खनमध्ये माणसे मेली तेव्हा देशातून धान्याची निर्यात चालूच होती. उलट 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली आणि लाखोंना मजुरी मिळाली. आभाळ दोन्ही वेळा कोरडे होते, फरक माणसांनी काय केले यात होता. ढवळीकर आणि शुग यांच्या वादाचा हाच गाभा आहे, आणि आज तो प्रवरेच्या पाण्यावरून, खालच्या जायकवाडी धरणाला किती सोडायचे यावरून, उसाला किती आणि ज्वारीला किती यावरून दर टंचाईच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. घाटातला पाऊस घटत असताना पर्जन्यछायेत बारमाही पिकाचे क्षेत्र वाढवत नेणे हे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी 2050 ची वाट पाहायची गरज नाही. आजचे मोजमाप पुरेसे आहे.

मोजमाप मात्र हवे. महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण त्यांच्या नोंदी अलीकडच्या आहेत, आणि हवामानाचा कल ओळखायला किमान 30 वर्षे लागतात. जुन्या नोंदी वेगळ्या ठिकाणी असतात: पाटबंधारे खात्याच्या चौक्यांवर, कारखान्यांच्या शेतकी विभागात, एखाद्या शिस्तीच्या शेतकऱ्याच्या डायरीत, शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या वहीत. अशी वही तुमच्या घरात, वाड्यात किंवा कार्यालयाच्या माळ्यावर असेल तर ती रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढा, तारखा नीट दिसतील असे पाहा आणि पुण्याच्या हवामान विभागाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाला कळवा.